इंगळाची ताकद

गेल्या हिवाळ्यात सेलू तालुक्यातील आमच्या शेतावर हुरड्यासाठी घरची सगळी मंडळी जमली होती. बांधाजवळ आगटी खणलेली होती, तिच्यात गोवऱ्या पेटवलेल्या होत्या आणि गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे मांडीशी घेऊन माझा थोरला भाऊ तिच्या काठावर उकिडवा बसला होता. पलीकडे बैलगाडीच्या चाकाला टेकून माझा भाचा आणि माझा पुतण्या आपापल्या निन्टेन्डो स्विच या खेळयंत्रावर पोकेमॉन या लढवय्या प्राण्यांच्या व्हिडिओ गेममधली लढत खेळत होते. थोड्याच वेळात भाचा हिरमुसला होऊन माझ्याकडे आला. त्याच्या स्केलेडर्ज या आगीच्या पोकेमॉनने ‘फायर ब्लास्ट’ ही चाल दोनदा वापरली होती. पहिल्यांदा ती लागली, दुसऱ्यांदा हुकली आणि तिसरी संधी मिळण्यापूर्वीच पुतण्याच्या हॅक्सोरस या ड्रॅगनने त्याला आडवे केले होते. “मामा, मी सगळ्यात मोठी आग लावली, तरी कामून हारलो?” असे त्याने विचारले. मी उत्तर देणार तोच आगटीकडून भावाचा आवाज आला, “भडका बसू द्या रे. आर पडल्याबिगर कणीस टाकू नका, करपून जाईल.”

भावाला पोकेमॉनमधले काही कळत नाही, पण मला भाच्याला जे सांगायचे होते ते त्याने एका वाक्यात सांगून टाकले होते. गेली अठरा-एकोणीस वर्षे हा खेळ खेळताना माझे मत हळूहळू असे बनले आहे की, या मालिकेतील आग ही भडक्याने नव्हे तर इंगळाने जिंकते. जो खेळाडू आगीचा खर्च मोजतो, तिचा नेम पाहतो आणि तिला धुमसू देतो, त्याच्या हातात हा प्रकार जितका खुलतो तितका नुसत्या मोठ्या आकड्यामागे धावणाऱ्याच्या हातात खुलत नाही. भाच्याला त्या दिवशी हे तुकड्यातुकड्यांत सांगितले. येथे ते सविस्तर लिहितो आहे.

माझ्या हातात हा खेळ प्रथम आला तो ‘पोकेमॉन फायररेड’च्या रूपाने. मूळ ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी आले होते, आणि २००४ मध्ये त्यांचीच नवी आवृत्ती ‘फायररेड’ व ‘लीफग्रीन’ या नावांनी गेम बॉय अॅडव्हान्सवर आली. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने स्वतःचे खेळून झालेले यंत्र आणि हे एक कार्ट्रिज मला सुट्टीत आणून दिले होते. त्या काळी आमच्या गावात भारनियमन इतके कडक होते की टीव्हीचा भरवसा नसे. दोन पेन्सिल सेलवर चालणारे हे छोटे यंत्र मात्र अंधारात कंदिलाजवळ बसूनही खेळता येई. त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे कंदील नेमका कोणत्या कोनात ठेवला म्हणजे पडद्यावर चमक येत नाही याचा मला चांगलाच सराव झाला होता.

सुरुवातीला तिघांतून एक सोबती निवडायचा असतो, आणि मी चारमँडर निवडला. त्याचे कारण त्याची शेपटी होती. पोकेडेक्स या खेळातल्या ज्ञानकोशात असे लिहिले आहे की त्याच्या शेपटीच्या टोकाला जन्मापासून ज्योत असते, आणि ती विझली तर त्याचे आयुष्य संपते. टीव्हीवरील मालिकेत भर पावसात खडकावर बसून शेपटीची ज्योत सांभाळणारा चारमँडर ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांना तो प्रसंग विसरता येत नाही. आमच्या घरी त्या काळात चूलच होती. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की आई उरलेले इंगळ राखेखाली झाकून ठेवी, आणि पहाटे ती राख बाजूला सारून, गोवरीचा एक तुकडा ठेवून फुंकणीने फुंकर घातली की विस्तव पुन्हा जागा होई. आग ही जपायची वस्तू आहे, ती विझू द्यायची नसते, हे मी रोज घरात पाहत होतो. म्हणूनच चारमँडरची कल्पना मला परकी वाटली नाही.

तरीही या निवडीची शिक्षा लगेच मिळाली. पहिल्याच जिममध्ये, म्हणजे खेळातल्या आखाड्यात, ब्रॉक हा प्रतिस्पर्धी उभा असतो, आणि त्याच्याकडे बाराव्या लेव्हलचा जिओड्यूड व चौदाव्या लेव्हलचा ऑनिक्स हे दोघेही दगड-माती प्रकाराचे आहेत. या खेळात प्रत्येक पोकेमॉन आग, पाणी, दगड अशा एक-दोन प्रकारांत मोडतो. आगीचा हल्ला दगडावर निम्माच लागतो आणि दगडाचा हल्ला आगीवर दुप्पट लागतो. मी तेथे किती वेळा हरलो याची मोजदाद ठेवली नव्हती, परंतु जवळपास आठवडाभर मी त्या एका दाराशी अडकलो होतो हे नक्की आठवते.

दगडासमोर आग दुबळी का असावी, हा प्रश्न तेव्हा मला फार छळत असे. पुढे भूगोल शिकताना त्याचे एक उत्तर पायाखालीच सापडले. आपला जवळपास सगळा मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर बसला आहे तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतत आलेल्या आणि मग गोठलेल्या लाव्हाचा दगड आहे. वेरूळचे कैलास लेणे याच दगडात कोरलेले आहे. चुलीला तीन दगड लावतो तेही हेच, आणि आयुष्यभर जाळ सोसून ते काळे पडतात पण जळत नाहीत. जो दगड आगीतूनच जन्माला आला त्याला आगीचे भय कसले? खेळ बनवणाऱ्यांनी नेमका हाच विचार केला होता असे मी म्हणणार नाही, परंतु प्रकारांचे हे गणित डोळ्यांनी पाहिलेल्या जगाशी जुळते, आणि म्हणूनच ते पाठ करावे लागत नाही. पाणी आग विझवते हे सांगायला नको. त्या दोघांत विस्तव जात नाही असे म्हणावे तर शब्दशः खरे आहे. मातीही तिला दाबते, कारण पेटलेल्या गंजीवर पाण्याआधी मातीच टाकली जाते. पाणी, माती आणि दगड हेच आगीचे तीन वैरी आहेत.

ब्रॉकचा तोडगा मला अखेर दोन ठिकाणी सापडला. ‘फायररेड’मध्ये चारमँडर तेराव्या लेव्हलला ‘मेटल क्लॉ’ शिकतो, आणि लोखंडाचा हा घाव दगडावर दुप्पट लागतो. परंतु मला जास्त शिकवले ते दुसऱ्या तोडग्याने. ऑनिक्सचा साधा बचाव, म्हणजे अंगबळाच्या हल्ल्यांविरुद्धचा, १६० आहे, म्हणजे त्याच्यावर नखे मारणे हे भिंतीवर डोके आपटण्यासारखे आहे. पण त्याचा विशेष बचाव, ज्याला खेळाडू स्पेशल डिफेन्स म्हणतात, तो केवळ ४५ आहे आणि एचपी, म्हणजे अंगातला जीव, अवघी ३५. ‘एम्बर’ म्हणजे ठिणगी ही चाल त्या आवृत्तीत विशेष हल्ल्यात मोडते, त्यामुळे प्रकाराने निम्मी होऊनही ती ऑनिक्सला जाणवते. मी नाइलाजाने एकामागून एक ठिणग्या टाकत राहिलो आणि ऑनिक्सच्या एचपीचा हिरवा पट्टा हळूहळू पिवळा, मग लाल झाला. चारमँडर शेवटच्या दोन-तीन एचपीवर उभा होता. कंदिलाची काच काजळली होती, आजी दुसऱ्यांदा झोपायला बोलावत होती, आणि मी ते यंत्र छातीशी धरून तसाच बसून राहिलो होतो.

आग कोणाकोणावर चालते हेही येथेच सांगून टाकतो. गवत, कीटक, बर्फ आणि लोखंड या चौघांवर तिचा घाव दुप्पट लागतो. लोखंड हा प्रकार मूळ खेळात नव्हता. तो १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये आला. आठवडी बाजाराच्या कडेला भाता चालवून विळे-खुरपी घडवणारे घिसाडी ज्याने पाहिले आहेत त्याला लोखंड आगीसमोर का वाकते हे समजावण्याची गरज नाही. स्वतः आग, पाणी, दगड आणि ड्रॅगन यांच्यावर मात्र तिचा घाव निम्मा होतो. हल्ला करणारा पोकेमॉन आणि त्याची चाल एकाच प्रकारची असेल तर ताकद दीडपट होते, आणि समोरच्याचे दोन्ही प्रकार आगीपुढे दुबळे असतील तर घाव चौपट बसतो. हाच चौपटीचा नियम उलटही लागतो. चारमँडर मोठा होऊन जो चारिझार्ड होतो तो आग आणि उडणे अशा दोन्ही प्रकारांचा असल्याने दगड त्याला चौपट लागतो. २००६ पासून ‘स्टेल्थ रॉक’ या चालीने मैदानात टोकदार दगड पसरून ठेवता येऊ लागले, तेव्हापासून तो नुसता मैदानात उतरला तरी त्याची निम्मी एचपी जात असे. पुढे २०१९ मध्ये जाड तळाचे बूट ही वस्तू आली आणि त्याला पुन्हा सुखाने पाय टेकता येऊ लागला.

आता भाच्याच्या ‘फायर ब्लास्ट’कडे येतो, कारण सगळा गैरसमज तेथेच आहे. तिची ताकद ११० आणि अचूकता ८५ टक्के, तर ‘फ्लेमथ्रोअर’ची ताकद ९० आणि अचूकता पूर्ण १०० टक्के. २०१३ पूर्वी या दोघींच्या ताकदी अनुक्रमे १२० आणि ९५ अशा होत्या. ११० ला ८५ टक्क्यांनी गुणले की सरासरी ९३.५ येते. म्हणजे शंभरात पंधरा वेळा नेम चुकण्याची जोखीम पत्करून हाती लागतो तो केवळ साडेतीनचा फायदा. त्यातही ‘फायर ब्लास्ट’ फक्त पाच वेळा वापरता येते आणि ‘फ्लेमथ्रोअर’ पंधरा वेळा. एकच घाव पुरेसा आहे आणि तोही ११० चाच हवा, ९० ने काम होणार नाही, अशी वेळ असते, आणि तेव्हा ‘फायर ब्लास्ट’ योग्यच आहे. पण ती वेळ कोणती हे आधी मोजलेले असावे लागते. भाच्याने ते मोजले नव्हते. समोरचा हॅक्सोरस ड्रॅगन प्रकाराचा, म्हणजे आग त्याला निम्मीच लागणार होती, आणि एका घावात तो पडण्याची शक्यता मुळीच नव्हती.

‘ओव्हरहीट’चा हिशेब तर याहून बोलका आहे. तिची ताकद १३० आणि अचूकता ९० टक्के, पण ती वापरली की वापरणाऱ्याचा विशेष हल्ला दोन पायऱ्यांनी घसरतो, म्हणजे निम्मा होतो. पहिल्या घावाची सरासरी ११७ आली, तर लगेच दुसऱ्यांदा वापरल्यास ती ५८.५ होते. दोन्ही मिळून १७५.५. त्याच दोन वेळी ‘फ्लेमथ्रोअर’ वापरले असते तर १८० झाले असते, शिवाय विशेष हल्ला शाबूत राहिला असता. हे गणित मी प्रथम वहीच्या शेवटच्या पानावर मांडले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, कारण मोठ्या आगीची किंमत या खेळात कशी वसूल केली जाते हे त्या दोन ओळींत दिसत होते. ‘ओव्हरहीट’ एकदा मारायची आणि त्या पोकेमॉनला परत बोलवायचे, ही तिची खरी रीत आहे.

आगीच्या जवळपास प्रत्येक मोठ्या चालीला अशी किंमत लावलेली आहे. ‘फ्लेअर ब्लिट्झ’ची ताकद १२० आहे, पण जितकी इजा केली तिचा एक तृतीयांश स्वतःला भोगावा लागतो. ‘ब्लास्ट बर्न’ १५० ची आहे, पण त्यानंतर एक पाळी नुसते उभे राहावे लागते. ‘इरप्शन’, म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेक, हिचीही ताकद १५० आहे, मात्र ती अंगात उरलेल्या एचपीच्या प्रमाणात घटत जाते. निम्मी एचपी उरली असेल तर ७५ च. ज्याच्यात जळण शिल्लक आहे त्याचाच जाळ मोठा होणार, ही कल्पना मला फार पटते. पऱ्हाटी किंवा तुराट्या चुलीत घातल्या की जाळ घरभर दिसतो, आणि भाकरी तव्यावरून उतरायच्या आत तो खाली बसतो. गोवरी दिसायला मंद असते, पण पुरणाचे भांडे तिच्यावरच शिजते.

या गोवरीसारखी गोष्ट पोकेमॉनमध्ये कोणती, असे कोणी विचारले तर मी बर्न, म्हणजे होरपळ, असे उत्तर देईन. ‘एम्बर’ची ताकद फक्त ४०, पण ती असो की ‘फ्लेमथ्रोअर’ असो, समोरचा होरपळण्याची दहा टक्के शक्यता तिच्यासोबत येते. नवे खेळाडू बर्नकडे केवळ दर पाळीला थोडी एचपी खाणारी बाधा म्हणून पाहतात. मूळ खेळात ती दर पाळीला एकूण एचपीचा सोळावा भाग घेई, नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत आठवा भाग घेऊ लागली, आणि २०१६ च्या ‘सन’ व ‘मून’पासून पुन्हा सोळाव्या भागावर आली. पण तिचे खरे काम वेगळे आहे. होरपळलेल्या पोकेमॉनच्या अंगबळाच्या सगळ्या हल्ल्यांची इजा निम्मी होते. नखे, दात, शेपटी, मूठ यांवर ज्याची सगळी मदार आहे, त्याच्या हातातील विळाच बोथट करून टाकण्यासारखे ते आहे. समोरच्याला मारण्याऐवजी त्याचे मारणे निम्मे करायचे, यात माझ्या मते आगीची सर्वांत मोठी अक्कल आहे.

त्यासाठी एक स्वतंत्र चाल आहे, ‘विल-ओ-विस्प’. ती कोणतीही थेट इजा करत नाही, फक्त होरपळवते. २००२ मध्ये ती आली तेव्हा तिची अचूकता ७५ टक्के होती, २०१३ मध्ये ती ८५ झाली. जपानी खेळात तिचे नाव ओनिबी, म्हणजे भुताचा अग्नी असे आहे. आपल्याकडे याला आग्या वेताळ म्हणतात. रात्री शिवारातून हलत जाणारा आणि जवळ गेले की दूर सरकणारा उजेड आमच्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळांच्या गोष्टींत होता. त्या उजेडाने कोणाला भाजले असे कधी ऐकले नाही, पण तो दिसला की भल्याभल्यांचे पाय लटपटत असे सांगत. खेळातील चालही तशीच आहे. ती दिसायला काहीच करत नाही, आणि तिच्यानंतर समोरच्याच्या हातात पूर्वीचे बळ राहत नाही.

अर्थात हीही आंधळेपणाने वापरायची चाल नाही. आग प्रकाराचे पोकेमॉन होरपळत नाहीत. मॅचँपसारख्या ‘गट्स’ हा गुण असलेल्या पोकेमॉनला बर्न लावला तर त्याचा हल्ला घटण्याऐवजी दीडपट वाढतो, आणि मग आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होते. शिवाय ज्यांचा भर विशेष हल्ल्यांवर आहे त्यांना बर्नचे फार काही वाटत नाही. समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय आग्या वेताळ सोडू नये, हे मी बऱ्याच लढती हरून शिकलो.

आगीच्या बाबतीत या मालिकेने एक मोठा अन्यायही केला आहे, आणि तो मला आजही खुपतो. तो अन्याय फ्लेअरॉनवर झाला. ईव्ही या पोकेमॉनला अग्निपाषाण दिला की तो फ्लेअरॉन होतो. त्याचा अंगबळाचा हल्ला १३० आहे, म्हणजे ऐन पहिल्या फळीतला. पण २००६ पर्यंत या खेळात नियम असा होता की चाल अंगबळाची की विशेष हे तिच्या प्रकारावरून ठरे, आणि आगीच्या सगळ्या चाली विशेष मानल्या जात, अगदी ‘फायर पंच’ हा पेटत्या मुठीचा ठोसासुद्धा. त्यामुळे फ्लेअरॉनचे १३० बळ त्याच्या स्वतःच्या आगीला कधीच लागू पडत नसे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी त्याची दशा होती. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये प्रत्येक चालीचे स्वरूप स्वतंत्रपणे ठरू लागले तेव्हा मला वाटले, आता त्याचे दिवस आले. पण त्याच्या वाट्याला आली ती ६५ ताकदीची ‘फायर फँग’. ‘फ्लेअर ब्लिट्झ’ त्याला मिळायला २०१३ चे ‘एक्स’ आणि ‘वाय’ उजाडावे लागले. तोपर्यंत सतरा वर्षे गेली होती, आणि त्याचा वेग ६५ च असल्याने तेव्हाही त्याला शर्यतीत फार पुढे जाता आले नाही. ‘फायररेड’मध्ये मी हट्टाने शेवटपर्यंत फ्लेअरॉन बाळगला होता. चारमँडरचा चारिझार्ड झाल्यावर दोन आग-पोकेमॉन कशाला हवेत, असे मावसभाऊ म्हणे, पण मी त्याला सोडले नाही.

‘डायमंड’ आणि ‘पर्ल’चा विषय निघाला म्हणून सांगतो, त्या खेळांच्या प्रदेशात कथा संपेपर्यंत आगीची फक्त दोन घराणी भेटतात, चिमचारचे आणि पोनिटाचे. आगीचा तज्ज्ञ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते त्या फ्लिंटच्या संघात त्यामुळे पाचांपैकी दोघेच आगीचे होते. २००८ च्या ‘प्लॅटिनम’मध्ये ही उणीव भरून काढली. याच काळात आणखी एक कंटाळवाणी गोष्ट घडत होती. २००२, २००६ आणि २०१० अशा लागोपाठ तीन पिढ्यांत सुरुवातीचा आग-पोकेमॉन मोठा होऊन आग आणि कुस्ती याच जोडीवर पोहोचत होता. ब्लेझिकेन मला आवडतो, इन्फर्नेपही आवडतो, पण तिसऱ्यांदा तीच जोडी देणे हे कल्पनेचे दारिद्र्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट ज्यांच्या कल्पनेला मी मनापासून दाद देतो असे काही जण आहेत. टोरकोल हा कवचात कोळसा जाळणारा कासव आहे आणि त्यातून धूर निघतो. परळीच्या औष्णिक केंद्राची धुरांडी गाडीतून दिसली की मला तो आठवतो. २०१६ पासून त्याला ‘ड्रॉट’ हा गुण मिळाला, म्हणजे तो मैदानात आला की पाच पाळ्या कडक ऊन पडते. उन्हात आगीच्या चाली दीडपट होतात आणि पाण्याच्या निम्म्या. त्याचा वेग फक्त २० आहे. पण ‘ट्रिक रूम’ ही चाल लावून संथ पोकेमॉनांना आधी पाळी मिळवून दिली, तर एचपी भरलेली असताना हा कासव भर उन्हात जी ‘इरप्शन’ सोडतो ती थोपवणे फार कठीण जाते. मात्र ऊन हे आगीच्या एकटीच्या मालकीचे नाही. गवत प्रकाराची ‘सोलर बीम’ एरवी एक पाळी थांबून सुटते, ती उन्हात ताबडतोब सुटते. उन्हाळ्याने पीक वाळते, हे पाहत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला हा नियम पचायला वेळ लागला. ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरील खेळात तर खऱ्या हवामानाचाच परिणाम होतो. आभाळ निरभ्र असले की आगीच्या चालींची ताकद वीस टक्क्यांनी वाढते. एप्रिल-मे महिन्यांत परभणीत बसून तो खेळ उघडला तर ही वाढ जणू कायमचीच मिळालेली असते.

पण सर्वांत जास्त जीव जडला तो व्होल्कारोनावर. तो आग आणि कीटक या दोन प्रकारांचा पतंग आहे, आणि कीटक हा आगीचा घास मानला जात असताना तीच आग पंखांवर घेऊन तो उभा आहे. ज्वालामुखीच्या राखेने आभाळ झाकोळले तेव्हा याच्या आगीने सूर्याची जागा घेतली, असे पोकेडेक्स सांगतो. त्याची अळी लार्व्हेस्टा एकोणसाठाव्या लेव्हलला रूपांतरित होते, एरवी चारिझार्ड छत्तिसाव्या लेव्हलला तयार होत असताना. बीड-जालना भागात आता पुष्कळ शेतकरी तुती लावून रेशीम कोष घेतात. माझ्या एका मित्राच्या शेडमध्ये मी उभा राहिलो आहे, आणि तुतीच्या पाल्यावर हजारो अळ्या एकाच वेळी तोंड चालवत असताना पाऊस भुरभुरल्यासारखा आवाज येतो. अळीची वाट पाहणे म्हणजे काय ते त्या शेडमध्ये कळते. व्होल्कारोनाचा ‘फ्लेम बॉडी’ हा गुणही मला प्रिय आहे. त्याला हात लावणारा तीस टक्के वेळा होरपळतो, आणि असा पोकेमॉन संघात असला की अंडी निम्म्या अंतरात उबतात. एकाच उबेने शत्रूला भाजायचे आणि अंडी उबवायची. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली ज्याने हात घातला आहे त्याला ही ऊब आणि ती टोच, दोन्ही ठाऊक असतात.

तर त्या दिवशी आगटीजवळ भाच्याला मी एवढेच सांगितले की हॅक्सोरसचा अंगबळाचा हल्ला १४७ आहे आणि त्याची सगळी मिजास त्यावरच आहे, तेव्हा आधी ते बळ काढून घे. त्याच्या स्केलेडर्जकडे ‘विल-ओ-विस्प’ होती, पण “तिच्यानं काहीच होत नाही” म्हणून त्याने ती कधी वापरली नव्हती. स्केलेडर्ज हा २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मधला आग आणि भूत प्रकारांचा मगर आहे. त्याची खास चाल ‘टॉर्च साँग’ ८० ताकदीची असली तरी प्रत्येक वापराबरोबर त्याचा विशेष हल्ला एक पायरी चढवते. ‘ओव्हरहीट’च्या अगदी उलट रीत.

दुसरी लढत सुरू झाली. हॅक्सोरस वेगवान, त्यामुळे पहिली ‘ड्रॅगन क्लॉ’ पुरती बसली आणि स्केलेडर्जची पाव-निम्मी एचपी गेली. मग भाच्याने आग्या वेताळ सोडला आणि तो लागला. पुढच्या पाळीला तीच ‘ड्रॅगन क्लॉ’ आली, पण पट्टा आधीच्या निम्म्यानेच सरकला. पुतण्याने मान वर करून पाहिले. भाच्याने पहिले ‘टॉर्च साँग’ लावले, ते ड्रॅगनला कमीच लागले, पण पायरी चढली आणि होरपळीने आपला सोळावा भाग घेतला. तिसऱ्या घावानंतर स्केलेडर्ज लाल पट्ट्यावर आला. येथे भाचा घाबरला. मी त्याला सांगितले की आता एक तृतीयांशाहून कमी एचपी उरली आहे, म्हणजे ‘ब्लेझ’ हा त्याचा गुण जागा झाला आहे आणि आग दीडपट झाली आहे, तू गा. दुसरे ‘टॉर्च साँग’ सुटले आणि हॅक्सोरसचा पट्टा झरझर खाली येऊन अगदी टोकाशी थांबला. दोघेही श्वास रोखून पाहत होते. पाळी संपली, होरपळीची खूण चमकली, आणि उरलेला तो शेवटचा कण तिने घेतला.

पुतण्या काही न बोलता पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, “काका, ती आधीची छोटी चाल कोणती होती?” तोवर आगटीत आर पडला होता. भावाने कणसे इंगळात खुपसली, फिरवून घेतली आणि हातावर चोळून पहिला हुरडा दोघांच्या ओंजळीत टाकला.